पर्शियन साम्राज्याचे दप्तर

इराणमधील पर्सिपोलीस या पर्शियन राजांच्या जुन्या राजधानीत तळहातावर मावेल एवढी मातीची एक पाटी सापडली आहे. ओल्या मातीवर बोरूच्या टोकाने खिळ्यांसारख्या खुणा दाबून लिहिण्याची जी कीलाकार लिपी त्या काळी पश्चिम आशियात रूढ होती, त्या लिपीत आणि एलामी भाषेत या पाटीवर एका शिध्याची नोंद आहे. अब्बतेमा नावाच्या माणसाला अकरा बर पीठ दिले. त्यांपैकी त्याचा स्वतःचा दिवसाचा वाटा सात बर, आणि त्याच्याबरोबरच्या वीस माणसांना प्रत्येकी दोन का. त्याच्याजवळ राजाच्या मोहरेचा परवाना होता. ही मंडळी हिंदुशहून निघाली होती आणि सुसाला चालली होती. तारीख आणि वाटाड्याचे नाव सोडले तर मजकूर एवढाच आहे. दहा का म्हणजे एक बर, आणि एक का म्हणजे आजच्या हिशेबाने जवळजवळ एक लिटर. वीस माणसांचे चाळीस का, म्हणजे चार बर. चार आणि सात मिळून अकरा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाचा हिशेब आज पडताळून पाहिला तरी जुळतो. एका दिवसात सत्तर लिटर पीठ एक माणूस खाणार नाही, हे उघड आहे. तो आकडा अब्बतेमाच्या भुकेचा नसून त्याच्या हुद्द्याचा आहे.

हिंदुश म्हणजे सिंधू नदीकाठचा प्रदेश आणि सुसा म्हणजे आजच्या नैऋत्य इराणमधील राजधानीचे शहर. या दोहोंमध्ये डोंगर, वाळवंट आणि शेकडो कोसांची वाट होती. तरीही वाटेतल्या एका ठाण्यावर एकवीस माणसे येऊन थांबतात, परवाना दाखवतात, ठरलेला शिधा उचलतात, त्याची नोंद होते आणि ती नोंद मध्यवर्ती दप्तरात जाऊन पडते. अशा हजारो पाट्या शिकागोच्या पुरातत्त्वज्ञांना 1933 साली पर्सिपोलीसच्या तटबंदीत सापडल्या, आणि त्या इ.स.पू. 509 ते 493 या काळातल्या आहेत. प्राचीन पर्शियन म्हटले की आपल्याला आठवतात ते सिकंदराशी लढणारे आणि हरणारे सम्राट, किंवा ग्रीकांवर लाखोंची फौज घेऊन चाल करून जाणारा झर्क्सिस. माझ्या मते या लोकांची खरी ओळख त्या रणांगणांवर होत नाही. ती या शिध्याच्या पाट्यांवर होते. साम्राज्ये त्यांच्या आधीही होऊन गेली होती. परक्या भाषा बोलणाऱ्या, परक्या देवांना मानणाऱ्या माणसांना आहे तसे ठेवून, रस्ता, नोंद आणि मोहर यांच्या जोरावर एका कारभारात कसे आणायचे याची पद्धत मात्र त्यांनी बसवली, आणि त्यांचे राज्य गेल्यावरही ती पद्धत शिल्लक राहिली.

पर्शिया हे नाव ग्रीकांमुळे जगात पसरले. मूळ नाव पार्स, आजच्या इराणमधील फार्स प्रांत. पारशी आणि फारसी हे आपले दोन्ही शब्द त्याच नावावरून आले आहेत. इराणी भाषा बोलणारे हे घोडेस्वार आणि पशुपालक लोक झाग्रोस पर्वताच्या दक्षिण भागात येऊन वसले, तेव्हा तो प्रदेश ओसाड नव्हता. तिथे एलामी लोकांची फार जुनी संस्कृती नांदत होती आणि अनशान हे तिचे डोंगराकडील मोठे केंद्र होते. पर्शियन लोक एलामी लोकांच्या शेजारी राहिले, त्यांच्यात मिसळले आणि कारकुनी त्यांच्याकडून शिकले. पर्शियन राजांच्या शिध्याची नोंद पर्शियन भाषेत न होता एलामी भाषेत का होत होती, याचे उत्तर या शेजारात आहे.

त्यांचा उदय अचानक झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्यांच्यासाठी जागा आधीच मोकळी झाली होती. ॲसिरियाच्या राजाने इ.स.पू. सातव्या शतकाच्या मध्यावर सुसा लुटून एलामचे कंबरडे मोडले. पुढे इ.स.पू. 612 मध्ये खुद्द ॲसिरियाची राजधानी निनेवे मीड आणि बॅबिलोनियन यांच्या एकत्रित हल्ल्यात पडली. त्यानंतर पश्चिम आशियात बॅबिलोन, लिडिया, इजिप्त आणि इराणच्या पठारावरचे मीड अशा चार सत्ता उरल्या, आणि त्यांच्यापैकी कोणालाही सगळ्यांवर वर्चस्व गाजवणे जमले नव्हते. अशा वेळी, इ.स.पू. 559 च्या सुमारास, अनशानच्या गादीवर सायरस बसला. त्याच्या स्वतःच्या भाषेत त्याचे नाव कुरुश.

मीड राजा अस्त्यागेस त्याच्यावर चालून गेला, तेव्हा अस्त्यागेसच्याच सैन्याने बंड करून आपल्या राजाला सायरसच्या हवाली केले. ही हकिगत बॅबिलोनच्या बखरवजा नोंदींत आहे आणि तिचे वर्ष इ.स.पू. 550 आहे. त्यानंतर काही वर्षांतच लिडियाचा धनाढ्य राजा क्रीसस हरला आणि आजच्या तुर्कस्तानातील सार्डिस हे शहर सायरसच्या हाती आले. इ.स.पू. 539 च्या ऑक्टोबरात बॅबिलोन पडले. तिथला राजा नाबोनिदस दहा वर्षे राजधानी सोडून अरबस्तानातील तैमा या मरूद्यानात जाऊन राहिला होता आणि चंद्रदेवाच्या भक्तीपायी त्याने बॅबिलोनच्या मुख्य देवाकडे, मार्दुककडे, दुर्लक्ष केल्याची तक्रार पुरोहितवर्गात होती. ओपिस येथे एक लढाई झाली, तिच्यात बरीच माणसे मारली गेली, आणि त्यानंतर राजधानी फारसा प्रतिकार न करता शरण आली.

त्या विजयानंतर बॅबिलोनमध्ये पुरलेला मातीचा एक दंडगोल 1879 साली उत्खननात सापडला आणि तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. डिसेंबर 2013 मध्ये तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही प्रदर्शनासाठी आला होता. मक्याच्या जाडजूड कणसासारखा दिसणारा, वीतभर लांबीचा हा दंडगोल अनेकदा मानवी हक्कांची पहिली सनद म्हणून गौरवला जातो. हे कौतुक मला जरा अवास्तव वाटते. दंडगोलावरचा मजकूर बॅबिलोनच्या जुन्या राजघोषणांच्या ठरलेल्या साच्यातला आहे: आधीचा राजा अधर्मी होता, म्हणून मार्दुकने माझा हात धरला, मी नगरात शांततेने प्रवेश केला, मी देवांच्या मूर्ती आणि विस्थापित लोक आपापल्या ठिकाणी परत पाठवले. हक्कांची कल्पना त्यात नाही. त्यातली विलक्षण गोष्ट वेगळीच आहे. एक पर्शियन विजेता बॅबिलोनच्या भाषेत, बॅबिलोनच्या देवाचा सेवक म्हणून, बॅबिलोनच्या परंपरेतला राजा होऊन बोलतो. आपला देव, आपली भाषा, आपली वंशावळ यांचा दर्प मिरवण्याऐवजी समोरच्याच्या गादीवर समोरच्याच्याच रीतीने बसणे, हे पर्शियन धोरणाचे सूत्र इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते.

त्याच सूत्राचा दुसरा परिणाम यहुदी धर्मग्रंथांत नोंदला गेला. बॅबिलोनमध्ये बंदिवासात असलेल्या यहुद्यांना जेरुसलेमला परत जाऊन मंदिर बांधण्याची मुभा सायरसने दिली, असे हे ग्रंथ सांगतात; ते मंदिर पुढे दार्युश या नंतरच्या पर्शियन राजाच्या कारकिर्दीत पूर्ण झाले. यशया या ग्रंथात सायरसला देवाचा अभिषिक्त, म्हणजेच मसीहा, म्हटले आहे, आणि हा मान मिळालेला तो एकमेव परधर्मीय राजा आहे. इजिप्तमध्येही हेच घडले. सायरसचा मुलगा कंबायसिस याने इ.स.पू. 525 मध्ये इजिप्त जिंकला, तेव्हा उजाहोरेसनेत नावाच्या एका इजिप्ती अधिकाऱ्याने त्याच्यासाठी फेरोला शोभेल अशी पदवी रचून दिली आणि त्याच्याकडून साइस येथील देवळाची व्यवस्था सुधारून घेतली. हे सारे त्या अधिकाऱ्याने आपल्या पुतळ्यावर स्वतःच कोरून ठेवले आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस मात्र कंबायसिसला वेडसर ठरवतो आणि इजिप्तच्या पवित्र एपिस बैलाला त्याने जखमी करून मारल्याची कथा सांगतो. मेम्फिसजवळ सापडलेल्या त्या काळच्या बैलाच्या दगडी पेटीवर तिच्या दात्याचे नाव आहे, आणि तो दाता कंबायसिस आहे. पर्शियनांविषयी आपण जे ऐकत आलो त्यातले किती ग्रीकांनी सांगितलेले आहे, याची आठवण ठेवायला ही एक पेटी पुरेशी आहे.

साम्राज्य इतक्या वेगाने वाढले की तितक्याच वेगाने ते फुटायचे, आणि इ.स.पू. 522 मध्ये ते खरोखर फुटण्याच्या बेतात होते. कंबायसिस इजिप्तहून परतताना वाटेत मेला. त्याचा भाऊ बर्दिया म्हणवणारा एक जण गादीवर बसला. तो खरा भाऊ होता की गौमाता नावाचा तोतया, हा वाद अजून चालू आहे, कारण तोतयाची गोष्ट आपल्याला सांगणारा माणूस म्हणजे त्याला ठार मारून राजा झालेला दार्युश. दार्युश सायरसच्या थेट वंशातला नव्हता. हखामनी या ज्या कुळनामाने हे घराणे ओळखले जाते, ते नाव सायरसच्या दंडगोलावर नाही; सायरसला त्या वंशावळीत दार्युशने नंतर ओढून घेतले, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे आणि ते मला पटते. तो राजा झाला आणि प्रांतामागून प्रांत उठले. वर्षभरात एकोणीस लढाया करून आपण नऊ राजांना पकडले, असे तो सांगतो.

हे तो जिथे सांगतो ती जागा पाहण्यासारखी आहे. आजच्या केरमानशाह शहराजवळ बेहिस्तुन नावाचा उभा कडा आहे आणि त्याच्यावर खूप उंचीवर दार्युशचे शिल्प कोरले आहे. त्याचा पाय पडलेल्या गौमाताच्या छातीवर आहे आणि समोर गळ्यात दोर बांधलेले बंडखोर राजे ओळीने उभे आहेत. शिल्पाच्या भोवती प्राचीन पर्शियन, एलामी आणि बॅबिलोनी अशा तीन भाषांत लेख आहे. मजकूर सौम्य नाही. फ्रवर्तिश नावाच्या मीड बंडखोराचे नाक, कान आणि जीभ कापली, एक डोळा फोडला, राजवाड्याच्या दाराशी त्याला बांधून सर्वांना दाखवले आणि मग मीडांची राजधानी एकबाताना येथे सुळावर दिले, असे दार्युश अभिमानाने लिहितो. पर्शियनांची सहिष्णुता सांगताना हा परिच्छेद गाळून चालत नाही. निमूटपणे खंडणी भरणाऱ्याच्या देवाला हात लागत नसे. बंड करणाऱ्याचे नाक उरत नसे.

आता मुद्दा असा की हा लेख खाली उभ्या माणसाला वाचताच येत नाही. पण दार्युशने तो कड्यावर कोरून सोडून दिला नाही. तो मातीच्या पाट्यांवर आणि कातड्यावर उतरवून आपण सर्व प्रांतांत पाठवला, असे तो त्याच लेखात म्हणतो, आणि ते खरे आहे. त्याची अरामी भाषेतील प्रत इजिप्तच्या दक्षिण टोकाला एलेफंटाइन बेटावर पपायरसावर सापडली आहे आणि बॅबिलोनमध्ये त्याच्या दगडी प्रतीचे तुकडे मिळाले आहेत. कडा देवांसाठी आणि पुढच्या पिढ्यांसाठी होता. प्रजेसाठी परिपत्रक होते. एकोणिसाव्या शतकात याच लेखाने कीलाकार लिपीचे कुलूप उघडले. ते काम ज्यांनी केले त्यांत ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या फौजेतला हेन्री रॉलिन्सन हा अधिकारी प्रमुख होता. हिंदुस्थानात आल्यावर तो फारसी शिकला, पुढे इराणमध्ये नेमला गेला आणि शिड्या लावून त्या कड्यावर चढला.

मराठी वाचकाला या लेखाचा एक वेगळा आनंद मिळू शकतो. त्याची सुरुवात साधारण अशी आहे: ‘अदम् दारयवउश, क्षायथिय वझर्क, क्षायथिय क्षायथियानाम्’. अदम् म्हणजे अहम्. क्षायथियानाम् ही षष्ठीच्या अनेकवचनाची आपल्या ‘देवानाम्’सारखी ओळखीची धाटणी आहे. मी दार्युश, थोर राजा, राजांचा राजा, असा त्याचा अर्थ, आणि याच क्षायथियापासून पुढे शाह आणि शहेनशहा हे शब्द झाले. दारयवउश या नावाची फोड केली तर पहिल्या भागात संस्कृतचे धारण आणि दुसऱ्यात वसु दिसतात; चांगले ते धरून ठेवणारा. आपल्या ‘स’च्या जागी इराणी भाषांत बहुधा ‘ह’ येतो, म्हणून वसुचे वहु झाले, असुराचा अहुर झाला आणि सिंधूचा हिंदु. आज ज्या शब्दाने आपला धर्म आणि आपला देश ओळखला जातो, त्याची सर्वांत जुनी कोरीव नोंद दार्युशच्या लेखांत एका प्रांताचे नाव म्हणून येते.

बंडे मोडल्यावर दार्युशने जी घडी बसवली तीच पुढे दोन शतके टिकली. राज्याचे मोठे प्रांत पाडले. हिरोडोटस त्यांची संख्या वीस देतो, तर दार्युशच्या लेखांतील प्रदेशांच्या याद्या त्याहून मोठ्या आहेत. प्रत्येक प्रांतावर एक सुभेदार असे. त्याला क्षत्रपावन म्हणत, म्हणजे राज्याचे पालन करणारा, आणि ग्रीकांनी त्याचे सॅट्रप केले. प्रत्येक प्रांताची खंडणी ठरली. ‘दारिक’ हे सुमारे साडेआठ ग्रॅमचे सोन्याचे नाणे निघाले, त्याच्यावर धनुष्य घेतलेला राजा होता आणि चांदीची वीस नाणी म्हणजे एक दारिक असा भाव होता. सुसाहून सार्डिसपर्यंत जाणाऱ्या राजमार्गावर हिरोडोटस 111 मुक्काम मोजतो आणि पायी चालणाऱ्याला नव्वद दिवस लागतात असे सांगतो. राजाचे जासूद मात्र ताज्या घोड्यांवर टप्प्याटप्प्याने धावत, एकाने आणलेला निरोप दुसऱ्याच्या हाती देत, आणि ना हिम, ना पाऊस, ना ऊन, ना रात्र त्यांना अडवू शकत असे, असे त्याने मोठ्या कौतुकाने लिहिले आहे. आपल्याकडे टपाल हा शब्द टप्प्यावरून आला असे म्हणतात, हे इथे सहज आठवते.

या घडीतली बरीचशी साधने पर्शियनांची स्वतःची नव्हती. मुक्कामांचे रस्ते ॲसिरियाने बांधले होते, नाणे लिडियाचे होते, हिशेब एलामचा होता आणि साम्राज्यभर चालणारी पत्रव्यवहाराची भाषा अरामी होती, जी सिरियाकडच्या लोकांची. दार्युशने या उसनवारीची लाज बाळगली नाही. उलट सुसा येथील राजवाड्याच्या पायाभरणीच्या लेखात तिची यादीच दिली. देवदार लेबनॉनहून आला, एक इमारती लाकूड गांधारहून, सोने सार्डिस आणि बल्खहून, हस्तिदंत इजिप्तच्या दक्षिणेकडील कुशहून, हिंदुशहून आणि आजच्या कंदाहारकडील अराकोशियाहून. दगड घडवणारे आयोनियाचे आणि सार्डिसचे, सोनार मीड आणि इजिप्ती, विटा पाडणारे बॅबिलोनचे. ज्याच्यापाशी जे आहे ते त्याच्याकडून घ्यायचे, आणि घेतले असे लिहून ठेवायचे.

पर्सिपोलीसच्या अपदान या भव्य सभागृहाच्या जिन्यावर हीच यादी दगडात उभी आहे. तेवीस प्रदेशांचे लोक आपापल्या वेषात, आपापली भेट घेऊन चालले आहेत. त्यांतले हिंदुशचे लोक ओळखायला वेळ लागत नाही. पुढचा प्रमुख सोडला तर बाकीचे अनवाणी आहेत, कमरेला धोतरासारखे वस्त्र आहे, अंग उघडे आहे, एकाने गाढव चालवले आहे आणि एकाच्या खांद्यावर चक्क कावड आहे. कावडीच्या दोन्ही टोपल्यांत लहान भांडी किंवा पिशव्या ठेवल्या आहेत. त्यांत सोन्याची भुकटी असावी, असे बहुतेकांना वाटते, कारण हिंदुशची खंडणी सोन्याच्या भुकटीत येत असे, असे हिरोडोटस सांगतो. या मिरवणुकीत मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे की कोणीही लोटांगण घातलेले नाही आणि कोणाच्या गळ्यात दोर नाही. प्रत्येक गटाच्या म्होरक्याला राजाचा मानकरी हाताला धरून नेतो आहे. ॲसिरियाच्या भिंतींवर कापलेल्या मुंडक्यांचे ढीग आहेत, इथे हात धरलेला आहे. हा अर्थात राजाने स्वतःविषयी सांगितलेला देखावा आहे, फ्रवर्तिशला विचारले असते तर त्याने वेगळे सांगितले असते. पण स्वतःविषयी कोणता देखावा सांगावासा वाटतो, यावरूनही राज्याची जात कळते.

त्याच राजवाड्याच्या दप्तराकडे परत यावे, कारण तिथे देखावा नाही. पाट्यांवरून दिसते की दगडफोडे, सुतार, मेंढपाळ, विणकाम करणाऱ्या बायका, मुले, प्रवासी, जनावरे आणि कोंबड्यासुद्धा ठरलेल्या मापाने धान्य खात होत्या आणि त्याची नोंद होत होती. बाळंतिणींना जादा शिधा मिळे, मात्र मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट. बायकांच्या तुकड्यांवर बायकाच मुकादम होत्या आणि त्यांचा शिधा पुष्कळ पुरुषांपेक्षा जास्त होता. खुद्द राजाचा हुकूमही याच चाकोरीतून जाई: राणी इर्ताश्दुना हिला माझ्या मालमत्तेतून शंभर मेंढ्या द्याव्यात, असे दार्युशने दप्तराचा प्रमुख पर्नाका याला सांगितले, पर्नाकाने पत्र काढून ते पशुविभागाच्या मुख्याला कळवले, आणि ते पत्र आपल्यापर्यंत पोहोचले. शहेनशहालाही मेंढी हवी असेल तर कागद लागत होता.

ग्रीकांशी झालेल्या युद्धांवर फार शाई खर्च झाली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. इ.स.पू. 490 मध्ये मॅरेथॉन, 480 मध्ये थर्मोपिली आणि सॅलामिस, 479 मध्ये प्लॅटिआ. ग्रीकांना हा विजय जीवनमरणाचा होता, यात शंका नाही. पर्शियाच्या बाजूने पाहिले तर साम्राज्याच्या अगदी पश्चिम कडेवरची ती फसलेली मोहीम होती, आणि त्यानंतरही ते दीडशे वर्षे उभे राहिले. शतक उलटायच्या आत ग्रीक नगरराज्ये आपापसांत इतकी भांडली की इ.स.पू. 387 च्या सुमारास त्यांच्यातला तह पर्शियाच्या राजाने घालून दिला. शेवट घडवला तो मॅसिडोनियाच्या सिकंदराने. इ.स.पू. 331 मध्ये गौगामेला येथे निर्णायक लढाई झाली आणि पुढच्या वर्षी पर्सिपोलीस जळाले.

राजवाडा जळाला, पण कारभार जिंकणाऱ्याच्या अंगाला चिकटला. सिकंदराने सॅट्रप नेमणे चालूच ठेवले, काही ठिकाणी पर्शियन माणसेच नेमली, पर्शियन राजवेष घालायला सुरुवात केली आणि त्याबद्दल आपल्याच सरदारांचा रोष ओढवून घेतला. त्याच्या मागून आलेल्या ग्रीक, पार्थियन आणि ससानी सत्तांनी हाच सांगाडा कमीअधिक बदल करून वापरला. सॅट्रप हा हुद्दा शकांबरोबर भारतात उतरला आणि त्याचे संस्कृत-प्राकृतात क्षत्रप झाले. नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेखांत ज्याचा उल्लेख येतो तो नहपान क्षत्रपच होता. त्याला गौतमीपुत्र सातकर्णीने हरवले, याचा पुरावा 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांत आहे. नहपानाच्या त्या नाण्यांपैकी बहुतेकांवर सातवाहनांनी आपला ठसा पुन्हा मारला होता. दार्युशचा सुभेदारकीचा शब्द सहाशे वर्षांनी गोदावरीकाठी आला आणि तिथे हरला.

खुद्द इराणमध्ये मात्र एक विचित्र गोष्ट घडली. लोक सायरस आणि दार्युश यांना जवळजवळ विसरले. पर्सिपोलीसचे अवशेष पुराणातल्या जमशेद राजाचे मानले गेले आणि ते ठिकाण तख्त-ए-जमशीद झाले. पासारगाद येथील सायरसची दगडी कबर सुलेमान राजाच्या आईची समजली जाऊ लागली. या राजांची नावे ग्रीक लेखकांनी आणि यहुदी धर्मग्रंथांनी जपली, आणि जेव्हा ती परत आली तेव्हा ग्रीक-युरोपीय उच्चार घेऊन आली. मुंबईच्या पारशी घरात मुलाचे नाव सायरस ठेवले जाते, कुरुश क्वचितच.

जे विसरले नाही ते शब्दांत राहिले. दार्युश बेहिस्तुनच्या लेखाला ‘दिपि’ म्हणतो. हा शब्द त्यानेही एलामी भाषेकडून आणि एलामींनी मेसोपोटेमियाकडून घेतलेला. लिहिलेले या अर्थी त्याचा शब्द ‘निपिश्त’. दोनशेहून अधिक वर्षांनी सम्राट अशोकाने वायव्य सीमेवर शाहबाजगढी येथे लेख कोरवला तो अरामीवरून घडलेल्या खरोष्ठी लिपीत, आणि तिथे त्याने आपल्या धर्मलेखाला ‘दिपि’ म्हटले आणि लिहिलेल्याला ‘निपिस्त’. अशोकाच्या लेखांची ‘देवांचा प्रिय प्रियदर्शी राजा असे म्हणतो’ ही सुरुवातही ‘राजा दार्युश म्हणतो’ या बेहिस्तुनच्या पालुपदाची आठवण करून देते. आपला ‘लिपी’ हा शब्द या दिपीवरूनच आला, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘लिप्’ म्हणजे सारवणे या धातूवरून तो साधण्याचाही प्रयत्न झाला आहे, पण पहिले मत अधिक भक्कम वाटते. इराणमध्ये याच दिपीपासून लेखक या अर्थी दबीर झाला, आणि कागदपत्रांचे घर या अर्थी दिवाण. निपिश्तच्या धातूपासून फारसीतला ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा, झाला. दप्तर हा शब्द मात्र मूळचा ग्रीक, कमावलेल्या कातड्याचा. आणि पर्शियाच्या दरबारात वैद्य असलेला ग्रीक लेखक क्टेसियस तिथल्या राजघराण्याच्या नोंदींना नेमक्या याच शब्दाने, राजाची कातडी म्हणून, ओळखतो.

हे शब्द बहमनी आणि आदिलशाही-निजामशाहीच्या फारसी कारभारातून मराठीत आले आणि इथल्या लेखणीवर जगणाऱ्या घराण्यांची आडनावे झाले: डबीर, दिवाण, फडणवीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, आणि फारसी पत्रे लिहिणारा पारसनीस. शिवाजी महाराजांनी 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी कारभाराची भाषा बदलायचे ठरवले. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला, डबीराचा सुमंत झाला, सुरनिसाचा सचिव आणि वाकनिसाचा मंत्री झाला. या सगळ्यांचा पत्रव्यवहार ज्याच्या हातून होत होता, तो मात्र चिटणीसच राहिला.